कोंबडीच्या पंखांखाली

शास्त्रभाग : मत्तय २३:३७, लूक १३:३१-३५, नीतिसूत्रे १२:१०, अनुवाद १८:९-१४

यरुशलेमेकडे पाहून प्रभूने जो विलाप केला, त्यात त्याने स्वतःसाठी योजिलेली उपमा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. होशेय संदेष्टा देवाच्या क्रोधाचे वर्णन करताना सिंह, चित्ता आणि पिले हिरावलेले अस्वल यांची नावे घेतो. मोशेच्या गीतात गरुड येतो. प्रभूने मात्र अंगणातली कोंबडी निवडली. लूकच्या शुभवर्तमानात तर हे अधिकच ठळक दिसते. तेथे हेरोदाला कोल्हा म्हटल्यावर दोनच वचनांनंतर प्रभू स्वतःला कोंबडीच्या जागी ठेवतो. कोल्हा आणि कोंबडी समोरासमोर आल्यास काय होते, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

येथे मूळ ग्रीक शब्द 'ऑर्निस' असा आहे. त्याचा व्यापक अर्थ पक्षी. परंतु नव्या कराराच्या काळी नित्याच्या बोलण्यात तो कोंबडीसाठी रुळलेला होता. शिवाय वचनातील क्रियापदच निर्णय देते. कबुतराची पिले घरट्यातच पडून असतात, त्यांना एकत्र गोळा करावे लागत नाही. अंड्यातून निघताच चोहोकडे धावणारी आणि म्हणून हाका मारून गोळा करावी लागणारी पिले कोंबडीची. तेव्हा मराठी भाषांतरकारांनी 'कोंबडी' लिहिले ते योग्यच केले.

जुन्या करारात हा पक्षी जवळजवळ नाहीच. ईयोब ३८:३६ आणि नीतिसूत्रे ३०:३१ येथील दोन दुर्मिळ इब्री शब्दांचा अर्थ काही प्राचीन भाषांतरकारांनी कोंबडा असा केला, एवढेच. तेल एन-नस्बे येथील उत्खननात १९३२ साली सापडलेल्या याजन्याच्या मुद्रेवर कोंबड्याचे चित्र आहे, ती इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराची. मूळचा हा आपल्या बाजूचा पक्षी. आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा त्याचा पूर्वज होय, आणि आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचाही अंश त्यात मिसळला आहे. प्रभूच्या काळापर्यंत तो पॅलेस्टाईनमध्ये इतका घरचा झाला होता की रात्रीच्या तिसऱ्या प्रहराला 'कोंबडा आरवण्याची वेळ' असेच नाव पडले होते (मार्क १३:३५). पेत्राने जो कोंबडा ऐकला तो याच वेळी आरवला.

आता एक प्रश्न विचारतो. पंख पसरून पिले पोटाशी घेणारी कोंबडी कोणती? अंडी देणारी नव्हे. ती खुडूक बसलेली कोंबडी. खुडूक झाली की ती अंडी देणे थांबवते, एकवीस दिवस जवळजवळ उपाशी बसते, दिवसातून अनेकदा अंडी उलटते आणि हात लावू जाणाऱ्याला टोचते. तिच्या शरीरातील प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्याने हे घडते. पण घरमालकाला अंडी हवी असतात. मग तिला थंड पाण्यात बुचकळतात, पाय बांधून टांगून ठेवतात, कित्येक ठिकाणी तिचेच पीस तिच्या नाकपुडीत आरपार खुपसतात. हे सारे उपाय म्हणून चालते आणि करणाऱ्यांत आपली मंडळीही असतात. ज्या अवस्थेतल्या पक्षिणीला प्रभूने आपली उपमा दिली, तिलाच ही शिक्षा! वस्तुतः तिचे खुडूक मोडावयाचे असेल तर जाळीच्या तळाच्या हवेशीर खुराड्यात, दाणापाणी देऊन पण अंथरणाशिवाय, तीन-चार दिवस ठेवले म्हणजे बहुधा काम होते.

ही क्रूरता गरजेपोटी येते. दुसरी भयापोटी येते, आणि तिच्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे.

कोंबडी कोंबड्यासारखी आरवली तर घरात मृत्यू होतो, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून आहे. अशा कोंबडीला त्याच दिवशी कापतात. अवेळी, म्हणजे संध्याकाळी आरवणाऱ्या कोंबड्याचीही तीच गत. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण नेमक्या या दोन समजुतींचा उल्लेख यहुदी गुरूंच्या तालमूदात, शब्बाथ या प्रकरणात आहे. कोंबडा संध्याकाळी आरवला म्हणून किंवा कोंबडी नरासारखी आरवली म्हणून तिला कापा असे जो म्हणेल, तो 'अमोऱ्यांच्या चालीने' चालतो, असा त्यांचा निवाडा आहे. ज्या राष्ट्रांच्या शकुनविद्येपासून अनुवादाच्या अठराव्या अध्यायाने इस्राएलास दूर राहण्यास सांगितले, त्यांच्या चालीत त्यांनी या कोंबडीच्या हत्येची गणना केली. आमच्या आजीबाईंची समजूत इतकी जुनी आणि इतक्या दूरच्या देशातली आहे हे वाचून मी कितीतरी वेळ त्या पानावरच थांबलो होतो.

मग ती का आरवते? मादी पक्ष्यात सहसा डावे अंडाशयच वाढते, उजवे अपूर्ण राहते. वयाने वा रोगाने डावे निकामी झाले, की स्त्रीत्वाची द्रव्ये कमी पडतात, कधी उजवीकडील अपूर्ण अवयव वाढू लागतो आणि त्यातून पुरुषत्वाची द्रव्ये पाझरतात. तिचा तुरा वाढतो, चाल बदलते आणि ती आरवते. कळपात कोंबडा नसेल तर एखादी निरोगी दांडगी कोंबडीही आरवून पाहते. ती आजारी असेल तर तिचा स्वतःचा मृत्यू जवळ आलेला असतो, घरधन्याचा नव्हे. आणि आपण ख्रिस्ती आहोत म्हणून यातून सुटलो असे कोणी मानू नये. १४७४ साली स्वित्झर्लंडमधील बाझल या ख्रिस्ती शहराने अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाहीरपणे जाळले. तो 'कोंबडा' बहुधा अशीच एखादी नररूप धारण केलेली कोंबडी असावी. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. त्याला जाळल्यानेही काही राहिले नाही.

रवणीवर बसविलेल्या अंड्यांजवळ लोखंडाचा तुकडा, कोळसा किंवा सुकी मिरची ठेवतात ती मेघगर्जनेच्या भयाने. रोमन लेखक प्लिनीनेही लोखंडी खिळ्याचा हाच उपाय नोंदविला आहे. यात कोणाचे नुकसान नाही, म्हणून मी त्यावर शब्द खर्च करीत नाही.

उतारा मात्र निराळा. आजारी माणसावरून काळी कोंबडी ओवाळून तिठ्यावर सोडतात वा मारतात. लेवीय १४ मध्ये दोन पक्ष्यांचा विधी आहे, एक मारला जातो व दुसरा मोकळा सोडला जातो. मग उतारा शास्त्राला धरूनच नाही काय, असे मला एकदा एका सुशिक्षित बंधूने विचारले. तेथे कुष्ठरोगी आधीच बरा झालेला असतो, आणि तशी याजकाने खात्री करून घेतलेली असते. रोग पक्ष्यावर ढकलून देण्याची ती क्रिया नव्हे. यहुदी लोकांतही प्रायश्चित्त दिनाच्या आदल्या दिवशी डोक्यावरून कोंबडा फिरवून कापण्याची 'कपारोत' नावाची रीत आहे. मोशेच्या नियमशास्त्रात होले व पारवे यांखेरीज अन्य पक्ष्याचा होमबली नाही, तेव्हा ही रीत शास्त्रातून आलेली नाही हे उघड आहे. तेराव्या शतकातील रब्बी शलोमो बेन अद्रेत यांनी तिला अमोऱ्यांचीच चाल म्हणून विरोध केला; सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनीही ती बंद करावी असे लिहिले, तर मोशे इस्सर्लिस यांनी ती राखली. आज पुष्कळ यहुदी कोंबड्याऐवजी पैसे ओवाळून ते गरिबांना देतात. आपल्यासाठी तर इब्री लोकांस पत्राने प्रश्नच मिटविला आहे : ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले. ज्या घरात आजारी लेकराच्या उशाशी शास्त्र आहे आणि परसात भगताने मागितलेली काळी कोंबडी बांधली आहे, त्या घराने यांतील एकीवर तरी विश्वास नाही हे ओळखावे.

सर्पदंशाच्या वेळी तर माणसाचाच जीव जातो. जिवंत कोंबडीचा गुदभाग चिरून जखमेवर दाबून धरतात. ती मेली की दुसरी, मग तिसरी. विष ओढून घेऊन त्या मरतात असे समजले जाते. दात लागताच विष ऊतींत शिरून पुढे पसरू लागते, ते असे परत येत नाही. मान आवळून, चोच दाबून धरलेला पक्षी गुदमरून आणि भयाने मरतो. चावलेला साप बिनविषारी असेल तर रोगी वाचतो आणि श्रेय कोंबड्यांना मिळते. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे असेल तर या खटाटोपात गेलेला तास परत येत नाही. प्रतिसर्पविष रुग्णालयातच मिळते. चावलेला हात वा पाय हलू न देता तडक तेथे जावे, बांधू नये, कापू नये. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

आता नीतिसूत्रे १२:१० कडे वळू. धार्मिक मनुष्य आपल्या पशूची काळजी घेतो, असा या वचनाचा आशय आपण सांगतो. इब्रीत मात्र 'तो आपल्या पशूचा जीव जाणतो' असे आहे. जीव म्हणजे 'नेफेश', आणि क्रियापद 'जाणणे'. हेच दोन शब्द निर्गम २३:९ मध्ये जोडीने येतात : तुम्ही मिसरात परके होता म्हणून परक्याचा जीव तुम्ही जाणता. या जाणण्यात तेव्हा त्याच्या जागी स्वतः असल्याचा अनुभव अभिप्रेत आहे. वचनाचा उत्तरार्ध अधिक कठोर आहे. दुर्जनाची करुणादेखील क्रूर असते, असे तो म्हणतो.

हे वचन समोर ठेवून आपल्या मंडळीतील कापणीच्या सणाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जेथे जेथे मराठी मंडळ्या आहेत तेथे हा सण होतो. भात, भोपळे, नारळ यांबरोबर कोंबड्याही येतात. त्या सायकलच्या दांड्याला उलट्या टांगून येतात, पाय बांधलेल्या स्थितीत वेदीपाशी ठेवल्या जातात, दोन तासांची उपासना होते, मग लिलाव. बोली वाढावी म्हणून पायाला धरून एकेक कोंबडी उंच फिरविली जाते आणि लोक हसतात. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटी टांगली की आतड्यांचा भार तिच्या हवेच्या पिशव्यांवर पडतो आणि तिला श्वास घेणे जड जाते. वेदनादायक रीतीने पशुपक्षी नेणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड त्या कायद्याने ठरविला. लिलावात एका भोपळ्याला याहून अधिक येतात. कायद्याच्या धाकाने काही होईल असे मला वाटत नाही. पंचांनी उपकारस्तुतीच्या आदल्या रविवारी एवढेच जाहीर करावे, की कोंबडी आणणाऱ्याने ती झाकलेल्या टोपलीत आणावी. टोपल्या देवळाच्या सावलीत राहतील, पाण्याची वाटी मंडळी देईल, आणि लिलाव टोपलीसकट होईल. याला खर्च नाही.

जत्रांतून रंगवून विकलेली पिले आपली मुले हट्टाने घेतात, त्यांविषयीही सांगावयास हवे. ती बहुधा अंडी उबवणी केंद्रातील नर पिले असतात. अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग नाही, म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी मारतात वा अशी विकून टाकतात. विकत घेऊन त्यांची सुटका होत नाही, मागणी मात्र वाढते. पण कोणी पिलू टाकून दिले असेल, ट्रकमधून कोंबडी पडली असेल, वा पिंजऱ्यात दीड वर्ष अंडी देऊन थकलेली 'लेअर' कोणी आपल्या दारी सोडली असेल, तर शत्रूचा ओझ्याखाली पडलेला गाढवही उठवावा असे निर्गम २३:५ सांगते, आणि खड्ड्यात पडलेल्या मेंढराला शब्बाथ दिवशीही वर काढावे हे प्रभूने गृहीत धरले आहे.

अशा पक्ष्याला प्रथम अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवावे. पायाची दोरी ओढू नये, कात्रीने कापावी. आधी पाणी, थोडा गूळ घालून, दाणे नंतर. लहान पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, ती दिव्याने मिळते. घरच्या कोंबड्यांत तीन आठवडे मिसळू देऊ नये. मान वाकडी होणारी मानमोडी हा देवीचा कोप नसून विषाणूचा रोग आहे आणि तिच्यावर लासोटा लस आहे. अनेक पक्षी एकदम मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे; २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून याला फार महत्त्व आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीला टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी जागा मिळालेली असते, आणि वर्षाकाठी तीनशे अंड्यांच्या कवचात तिच्या हाडांतील चुना निघून गेलेला असतो. म्हणून तिला पायाने वा पंखाने उचलू नये; दोन्ही पंख अंगाशी धरून, खालून हात देऊन उचलावे. आठवडाभर ती नुसती बसून राहील. नंतर एके दिवशी ती मातीत आडवी पडून पाय झाडू लागेल, डोळे मिटून पंखांवर धूळ उडवील. झटका आला असे समजून घरातली माणसे धावून जातात. तिला तसेच पडू द्यावे; ती धुळीत अंघोळ करीत असते.