अब्बांचा फोन, आपाचा संगणक

मुलांनो, तुम्ही पाणचक्की पाहिली आहे का? छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. शहराचे नाव औरंगाबाद होते, तेव्हापासून शाळेच्या सहली तिथे जात आल्या आहेत. उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी पाहून लहान मुलांना वाटते, की पाणी त्या भिंतीतच तयार होते. पण तसे नाही. शहराबाहेरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर वाहत येते. अशा नहरी बांधण्याचे काम या शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरने सुरू केले. एकाच नहरीचे पाणी वाटेतल्या हौदांतून अनेक घरांना मिळत असे.

आता एक वेगळी नहर पाहू. ही नहर डोळ्यांना दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली. तुम्ही तेव्हा लहान होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा अनेक विद्यार्थ्यांनी घरी बसून दिल्या. समजा, अशाच एका घरात आपाची परीक्षा आहे. घरात जुना संगणक आहे, पण इंटरनेटची तार नाही. इंटरनेट आहे ते फक्त अब्बांच्या फोनमध्ये. फोनच्या लहानशा पडद्यावर प्रश्न वाचताना आपाचे डोळे दुखतात. उत्तरावर बोट ठेवावे, तर भलत्याच उत्तरावर खूण होते. परीक्षेला एक तास उरला आहे. आता काय करावे?

उपाय अब्बांच्या हातातच आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' असे लिहिलेले असते. 'टेदर' म्हणजे जनावर बांधण्याचे दावे. गाय जशी दाव्याने खुंट्याला बांधतात, तसा संगणक फोनला बांधायचा! हॉटस्पॉट सुरू केला, की फोन आपल्याभोवती वायफायच्या लहरी पसरवतो. संगणकाच्या यादीत फोनचे नाव दिसते. ते निवडून पासवर्ड टाकला, की झाले.

पण आत नेमके काय घडते? तुमच्या गल्लीत असे एखादे दुकान असेल, की ज्याच्या पत्त्यावर शेजारच्या चार घरांची पत्रे येतात. पोस्टमनला फक्त दुकान माहीत असते. कोणते पत्र कोणाच्या घरी द्यायचे, ते दुकानदार पाहतो. फोन हेच काम करतो. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो घरातल्या घरात एक क्रमांक देतो. आपाच्या संगणकाने एखादे पान मागितले, की फोन त्याची नोंद ठेवतो आणि स्वतःच्या नावाने ते मागवतो. पान आले, की नोंद पाहून ते संगणकाकडे पाठवतो. संगणकाचा हा घरातला क्रमांक दूरच्या यंत्रांना ठाऊकही नसतो. हे सारे सेकंदाच्या लहानशा भागात होते.

इथे एक युक्ती सांगतो. जुन्या शहरातील घरांच्या भिंती जाड आणि गल्ल्या अरुंद. आतल्या खोलीत फोनला रेंज मिळत नाही. मग फोन आत कशाला न्यायचा? मनोऱ्यापासून फोनपर्यंत एक वाट आहे आणि फोनपासून संगणकापर्यंत दुसरी. फोन रेंज असलेल्या खिडकीत ठेवा, संगणक आत राहू द्या. मधे एखादी भिंत असली, तरी वायफाय बहुधा पोहोचते. दोन-तीन जाड भिंती आल्या, तर मात्र ते थकते.

संगणकात वायफाय नसेल, तरी घाबरू नका. अनेक जुन्या संगणकांत ते नसते. अशा वेळी फोन चार्ज करण्याची तार संगणकाला जोडावी आणि 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. मात्र ती तार माहिती वाहून नेणारी हवी. काही स्वस्त तारा फक्त वीज वाहतात. तारेने फोन चार्जही होत राहतो, आणि लांब परीक्षेत त्याचे मोल कळते. हॉटस्पॉटने बॅटरी भराभर उतरते. ब्लूटूथनेही जोडता येते, पण ते संथ असते.

खरे पाहता ही कल्पना नवी नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हाही संगणक घरच्या टेलिफोनच्याच तारेला जोडावा लागे. मधे मोडेम नावाची पेटी असे आणि ती कर्कश आवाज काढी. इंटरनेट चालू असेतो त्या तारेवरून कोणाशी बोलता येत नसे! आज बहुतेक फोनवर हॉटस्पॉट चालू असतानाही बोलता येते.

हौदात पाणी मोजकेच असते, तसा अब्बांच्या फोनमधला डेटाही मोजका असतो. समजा, रोजचा दीड जीबी आहे. चित्र दिसणाऱ्या एका तासिकेलाच अर्धा जीबी किंवा त्याहून अधिक लागू शकतो. शिवाय संगणकाला ठाऊक नसते, की हे पाणी मोजून मिळाले आहे. वायफाय दिसले, की तो न विचारता स्वतःची नवी आवृत्ती उतरवू लागतो. परीक्षा अर्ध्यावर असताना डेटा संपला, तर वेग इतका उतरतो, की पुढचा प्रश्नच उघडत नाही. म्हणून संगणकाच्या वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' निवडावे. मग तो बराचसा हात आखडता घेतो.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. एक ते आठ अंक ओळीने लिहिणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली त्यातच ठेवणे. सिमकार्ड अब्बांच्या नावावर असते. त्यांच्या जोडणीवरून कोणी परक्याने काही गैर केले, तर पहिली विचारणा अब्बांकडे होईल.

आज संध्याकाळी अब्बांची किंवा अम्मीची परवानगी घ्या. त्यांच्या फोनमध्ये आज किती डेटा वापरला, तो आकडा पाहा. मग संगणक जोडा, दहा मिनिटे एखादा धडा वाचा आणि पुन्हा आकडा पाहा. संगणक नसेल, तर दुसरा फोन जोडा. वजाबाकी वहीत लिहून उद्या वर्गात आणा.