चिमणरावांचे दप्तर

विद्यार्थिमित्रहो, 'दप्तर' हा शब्द तुम्ही रोज खांद्यावर वाहता. वह्या, पुस्तके आणि डबा ज्यात राहतो ते दप्तर, एवढाच त्याचा अर्थ आज तुमच्या मनात येतो. परंतु हा शब्द मुळात फारसीतून आला, आणि मराठी राज्यकारभारात त्याचा मान फार मोठा होता. पेशव्यांचे हिशेब, पत्रे, सनदा रुमालांत बांधून ठेवीत. त्या सर्व रुमालांचा संग्रह म्हणजे दप्तर. धारचे पवार, देवासची थोरली आणि धाकटी पाती, बडोद्याचे गायकवाड, ज्या ज्या ठिकाणी मराठी सत्ता गेली त्या त्या ठिकाणी दप्तर गेले. एका हास्यकारक पात्राविषयी लिहावयास बसून मी जुन्या रुमालांची धूळ का झाडीत आहे, असे तुम्हांस वाटेल. त्याचा उलगडा पुढे होईलच.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1977 च्या सुमारास, त्या केंद्रावर 'चिमणराव' ही विनोदी मालिका येऊ लागली आणि 1979 पर्यंत ती मुंबई-पुण्याच्या मराठी घरांत एखाद्या सणासारखी पाहिली गेली. विजया जोगळेकर-धुमाळे यांचे दिग्दर्शन, चिमणरावांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे. त्या काळी घरोघरी संच नव्हते. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या घरी चाळीतील मुले जमिनीवर, मोठी माणसे पलंगावर, आणि उशिरा येणारे दारात उभे, अशी बैठक भरे. गुंड्याभाऊंनी काठी आपटली की सर्व चाळ एकदम हसे. आज एकाच घरात चार माणसे चार पडद्यांवर चार निरनिराळे विनोद पाहतात. मनुष्य हसतो खरा, पण शेजारी कोणी हसत आहे असे त्यास ऐकू येत नाही.

चिमणराव दूरदर्शनने निर्माण केले नाहीत. त्यांचे जनक प्राध्यापक चिंतामण विनायक जोशी. जन्म पुण्यास 1892 मध्ये, मृत्यू 1963 मध्ये. म्हणजे आपला मानसपुत्र काचेच्या पडद्यावर चालता-बोलता पाहण्याचा योग त्यांना आला नाही. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावाचे चऱ्हाट', 'वायफळाचा मळा' ही त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा. एरंडाच्या काड्या चरकात घातल्या तर रस निघत नाही, नुसती करकर होते. म्हणून निरर्थक लांबणाऱ्या बोलण्यास एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर. वायफळाचा अर्थ मी सांगण्याची गरज नाही; वर्गात मागच्या बाकांवर तो नित्य पिकतो. आपल्याच पुस्तकाला 'यात काही तथ्य नाही' असे नाव देणारा लेखक एकतर खरोखर पोकळ असतो किंवा फार जाणता. चिं. वि. दुसऱ्या जातीचे होते.

विनोदाचे रहस्य त्यांच्या निवेदनात आहे. चिमणराव स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात. ते बारीक, भित्रे, पापभीरू, कारकुनी पेशाचे पुणेकर गृहस्थ. पण आपण भित्रे आहोत हे त्यांना मान्य नसते. ते आपल्या पराभवाचे वर्णन विजयाच्या थाटात करतात, आणि वाचक त्यांच्या वाक्यामागे दडलेली खरी हकिकत ओळखून हसतो. उलट गुंड्याभाऊ आडदांड, तालीमबाज, मनात आले की हात चालविणारे. एकाला बळ नाही आणि दुसऱ्याला विचार नाही. दोघे मिळून एखादे साधे काम करावयास निघाले की त्या कामाचा बोजवारा ठरलेलाच. लेखकाने कोणाच्याही शारीरिक व्यंगाची, जातीची वा दारिद्र्याची टवाळी करून हशा मिळविलेला नाही. हसे होते ते नेहमी बढाईचे.

आता एक गंमत सांगतो. ती पुष्कळ जुन्या प्रेक्षकांच्याही ध्यानात आलेली नसते. चिमणरावांच्या कुटुंबातील नावे ओळीने म्हणा: चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. चिमणी, कावळा, मोर, मैना, पोपट! सबंध घर म्हणजे पक्ष्यांचे घरटे आहे. गुंड्याभाऊ तेवढे या पाखरांत न बसणारे, आणि तेच घरट्याचे राखणदार. चिं. वि. हे पाली भाषेचे गाढे विद्वान होते. पाली वाङ्मयातील जातककथांत पक्षी माणसांसारखे बोलतात, भांडतात, फसतात. यावरून ही नावे जातकांतून सुचली असे कोणी सिद्ध करू पाहील तर मी त्यास गुण देणार नाही. तरीही जातके वाचताना मला काऊ-मोरूंची आठवण होते, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

हे पाली त्यांनी कोणापाशी शिकावे? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी. कोसंबी गोव्यातील साखवाळचे, 1876 साली जन्मलेले; बुद्धधर्माच्या ओढीने घर सोडून निघाले आणि सिंहलद्वीपापर्यंत जाऊन शिकून आले. माझी मायबोली कोकणी आहे. मराठी मला शाळेत आणि ग्रंथांत भेटली, आणि पुणेरी घरातील बोलण्याची चाल तर मी चिं. विं.च्या पुस्तकांतूनच शिकलो. त्यामुळे मला पुणेरी हसू शिकविणाऱ्या लेखकाचा गुरू माझ्या बोलीचा निघाला, याचा मला थोडा अधिकच आनंद झाला असेल तर वाचकांनी क्षमा करावी.

चिं. वि. पुढे बडोद्यास प्राध्यापक झाले, आणि त्याच संस्थानच्या दप्तराची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. येथे आरंभीच्या शब्दाचा धागा जुळतो. दिवसा जुने कागद जपावयाचे आणि फावल्या वेळी चिमणरावांचे चऱ्हाट वळावयाचे, असा त्यांचा क्रम. आपण माळव्यातील मराठी मंडळींनी यातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या विनोदाला सर्व महाराष्ट्र 'अस्सल पुणेरी' म्हणतो, त्यातील पुष्कळसा पुण्याबाहेर, गुजरातेतील एका मराठी संस्थानात बसून लिहिला गेला. धार-देवासप्रमाणेच बडोद्यासही बाजारात दुसरी भाषा होती आणि घरात मराठी. दूर असल्यामुळेच पुण्याचे घर त्यांना इतके स्पष्ट दिसले असावे, असे माझे मत आहे. तिरल्याहून अमझेऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरून 1728 मधील लढाईची आठवण काढीत जाणारे आपण. चिमाजीअप्पांचे नाव येथे आदराने घेतो. पण चिमणरावांचे नाव घेतले की आपल्या वर्गातील बहुतेक मुले माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहतात. 'चिमण' हे लाडाचे नाव एका वीरालाही शोभले आणि एका भित्र्या कारकुनालाही, हे ऐकून ती हसली, तेव्हा मला धीर आला.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीच्या विद्यार्थ्यांना मी एक काम दिले: घरातील वडीलधाऱ्यांना 'चिमणराव' विषयी विचारा आणि ते सांगतील ते जसेच्या तसे लिहून आणा. टाचणे आली ती मोठी वाचनीय होती. परंतु आठवण ही वस्तू गोड असली तरी तिला जमाखर्चाला लावावे लागते. ते कसे, हे तीन उदाहरणांनी दाखवितो.

एका आजोबांनी सांगितले की, गुंड्याभाऊंच्या डोक्याचा लाल रुमाल त्यांच्या अजून डोळ्यांपुढे आहे. भारतात रंगीत दूरदर्शन आले 1982 मध्ये. त्यापूर्वीचे सर्व प्रक्षेपण कृष्णधवल होते. तेव्हा रुमालाचा लाल रंग संचाने दिलेला नसून आजोबांच्या मनाने दिलेला आहे. ते खोटे बोलले काय? मुळीच नाही. आवडलेल्या चित्रात मन हळूहळू रंग भरत जाते. आपण टाचणात 'लाल' हा शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी वर्ष लिहावे.

दुसऱ्या घरी आजी म्हणाल्या, "चिमणराव म्हणजे दामुअण्णा मालवणकर! तो प्रभावळकर मागाहूनचा." नातू बिचारा गोंधळला, त्याला वाटले आजींची स्मृती चळली. वस्तुतः आजींचेच बरोबर होते. मास्टर विनायक यांचा 'लग्न पहावं करून' हा बोलपट 1940 मध्ये निघाला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. आजींनी तो स्वतः पाहिला नसेल, पण त्यांच्या आईवडिलांनी पाहिलेला आणि घरात वर्षानुवर्षे सांगितलेला होता. एकाच घरात दोन पिढ्यांचे दोन चिमणराव नांदत होते. दूरदर्शनच्या यशानंतर 1979 मध्ये 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही आला, म्हणजे तिसरा घोटाळा होण्यास जागा आहेच.

तिसरे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की, 'चिमणराव' त्यांनी धारमध्ये आपल्या वाड्यात पाहिले. येथे विज्ञानाच्या शिक्षकांची मदत घ्यावी लागली. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे आणि मध्ये येणाऱ्या डोंगरांमुळे उंच मनोऱ्यावरूनही त्या साधारण शंभर किलोमीटरच्या आसपासच नीट पोहोचतात. पुण्याला हे कार्यक्रम दिसत ते सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे. मुंबईहून सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धारला त्या लहरी येणे शक्य नव्हते, आणि तेव्हा उपग्रहावरून घरोघरी मराठी वाहिन्या येण्याची सोयही नव्हती. मुलीने घरी जाऊन पुन्हा विचारले. तेव्हा उलगडा झाला की, मालिका पाहिली ती सुटीत पुण्यास काकांच्या घरी. वाड्यातील संच नंतरचा, आणि त्यावर पाहिली ती हिंदी मालिका 'ये जो है जिंदगी', 1984 ची. दोन हास्यमालिका स्मृतीच्या एकाच रुमालात बांधल्या गेल्या होत्या. या चुकीचाही आम्हांस लाभच झाला, कारण त्या हिंदी मालिकेचे लेखक शरद जोशी हे आपल्या माळव्याचे, उज्जयिनीत 1931 मध्ये जन्मलेले. एक जोशी पुण्याचे, एक उज्जैनचे. दोघांनीही मध्यमवर्गीय घराचा उंबरठा ओलांडून आत डोकावले आणि हसत बाहेर आले.

इतक्या काटेकोरपणाची आवश्यकता काय, असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला. विनोदी कार्यक्रम तो, हसले, संपले. त्यांस मी जे उत्तर दिले ते येथे विस्ताराने देतो. त्या काळी ध्वनिचित्रफीत अतिशय महाग होती. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर दुसरा मुद्रित करावयाचा, ही चाल जगातील अनेक दूरचित्रवाणी केंद्रांत होती. जुना कार्यक्रम कोणी पुन्हा पाहू इच्छील, हे कोणाच्या मनातही येत नसे. इंग्लंडातील बीबीसीसारख्या धनाढ्य संस्थेनेही हेच केले. 'डॅड्स आर्मी' ही 1968 ते 1977 पर्यंत चाललेली त्यांची अत्यंत लोकप्रिय विनोदी मालिका. तिच्या 1969 मधील काही भागांची मुद्रणे नष्ट झाली. त्यांपैकी दोन 2001 मध्ये एका खाजगी व्यक्तीने सांभाळलेल्या डब्यांतून परत मिळाले, पण तीन भागांचे चित्र अजून हाती लागलेले नाही. ज्या विनोदावर सर्व राष्ट्र हसले त्याची ही गत! मग ज्या कार्यक्रमाचे चित्र हरवते, त्याचे दप्तर उरते कोठे? पाहणाऱ्यांच्या डोक्यात. आणि ते डोके कायमचे टिकत नाही. गुंड्याभाऊ म्हणून अखेरपर्यंत ओळखले गेलेले बाळ कर्वे 28 ऑगस्ट 2025 रोजी वयाच्या 95 व्या वर्षी मुंबईत निवर्तले. ज्यांनी 1977 मध्ये दहाव्या वर्षी ती मालिका पाहिली ते आज साठीच्या घरात आहेत. ज्यांनी तिशीत पाहिली त्यांना विचारावयाचे असल्यास पुढच्या सुटीची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

दिलीप प्रभावळकर पुढे अनेक रूपांत दिसले. 2001 पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेत ते आजोबा झाले, 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई' या हिंदी चित्रपटात महात्माजी झाले. तुमच्यापैकी पुष्कळांना हे आजोबाच तेवढे ठाऊक आहेत. घरी जाऊन आईबाबांना टिपरे आजोबांविषयी विचारा, आणि आजीआजोबांना चिमणरावांविषयी. एकाच नटाची दोन वये एकाच घरात भेटतील.

विचारताना 'तुम्हांला ती मालिका आवडली का?' असे विचारू नये. त्याला उत्तर एकच येते. कोणाच्या घरी पाहिली, संच कोठे ठेवलेला असे, कोण कोठे बसे, कोणता प्रसंग घरात नंतरही पुन्हा पुन्हा सांगितला जाई, कोणत्या वाक्यावर कोण रागावले, असे विचारावे. सांगणारी व्यक्ती मराठीत बोलता बोलता हिंदीत गेली तर ते हिंदी शब्द तसेच लिहावेत, सुधारू नयेत. आपल्या बोलण्यात मालवी आणि हिंदी कोठे आणि केव्हा मिसळते, हीदेखील एक नोंदच आहे. दोन माणसांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही लिहावीत, आणि ती व्यक्ती तेव्हा किती वर्षांची होती हे न विसरता टाकावे.

सुटीत जमलेली टाचणे शाळेच्या ग्रंथालयात, पहिल्या कपाटाच्या खालच्या खणात, कापडी रुमालात बांधून ठेवली आहेत. शेजारीच 'चिमणरावाचे चऱ्हाट' ठेवले आहे. पुस्तक आठ दिवसांसाठी घरी नेता येईल. रुमाल मात्र तेथेच बसून सोडावा, आणि वाचून झाल्यावर गाठ पुन्हा नीट मारावी.