खानदेशाचा प्राचीन वारसा व पाटणचे विद्यादान

अवधूत झिप्रूअण्णा महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी नशिराबादेस दूरदूरहून भाविक येतात. स्वामी मुक्तानंदांना गणेशपुरीस भगवान नित्यानंदांकडे जाण्याची आज्ञा याच सत्पुरुषाने दिली. दर्शनानंतर अनेक भाविक खानदेशातील इतर तीर्थांची चौकशी करतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

हा प्रदेश यादवांच्या राज्याचा भाग होता. पुढे फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून त्यास खानदेश म्हणू लागले, असे इतिहासकार सांगतात. लोकपरंपरा मात्र श्रीकृष्णाचा ‘कान्हदेश’ हेच नाव मानते. इ.स. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर फारुकी राजवट संपली.

तापी व पूर्णा यांच्या संगमावर श्रीक्षेत्र चांगदेव आहे. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्यांतून उपदेश केला, त्या योगी चांगदेवांचे हे स्थान. जवळच मेहूण येथे आदिशक्ती मुक्ताबाई गुप्त झाल्या. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाटणच्या शिलालेखातील चांगदेव हे निराळे. नामसाम्यामुळे जाणकारांचीही गल्लत होते.

हे दुसरे चांगदेव म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचे नातू व यादवराजा सिंघण याचे ज्योतिषी. चाळीसगावनजीकच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांनी मठ स्थापिला. त्या मठास निकुंभ कुळातील सोइदेव याने शके 1128 मध्ये, श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दान दिले. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.

लेखाचा आरंभ संस्कृतात असून दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. देणाऱ्या-घेणाऱ्या सामान्य जनांस तो कळावा, हाच हेतू असावा. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजास मिळणारा हक्क मठास लावून दिला. तेलाच्या घाण्यांमागे पळी-पळी तेल नेमून दिले. रात्रीच्या अध्ययनास दिवा लागतोच! राजाने आपला हक्क सोडला, तेल्याने पळीभर तेल दिले, आणि दोघांचेही दान एकाच दगडावर कोरले गेले. मंदिरे बांधणारे दाते पुष्कळ झाले. गणिताच्या पठणासाठी बाजाराचे उत्पन्न देणारे दाते विरळाच. आज तो मठ उरलेला नाही. लेखामुळेच त्याचे अस्तित्व कळते. म्हणून प्राचीन स्थळी कोरीव दगडांना तेल, शेंदूर वा रंग लावू नये व त्यांवर नावे कोरू नयेत, अशी भाविकांना आग्रहाची विनंती आहे. बुजलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही.

जळगावहून रेल्वेने चाळीसगावी उतरावे. तेथून पाटणादेवी सुमारे 18 किलोमीटर आहे. परिसरातील निकुंभकालीन महादेव मंदिरही अवश्य पाहावे. स्थान गौताळा अभयारण्यात असल्याने दिवसाउजेडीच परतावे.