कोकमाचा घरधंदा : हातचा हुनर हातातून जाऊ देऊ नका

कोकणातील आपल्या वस्त्यांत घरामागे रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे झाड दिसतेच. एप्रिल-मेमध्ये फळ लालेलाल पिकते. पण अनेक घरी ते झाडाखाली कुजते किंवा कच्च्या मालाच्या भावात दारातूनच विकले जाते, आणि पावसाळा लागला की त्याच घरातला माणूस दुकानातून आमसुले विकत आणतो. पूर्वी घरची आई-आजी पावसाळ्याच्या बेगमीत ही आमसुले स्वतः करीत असे. त्यांचा हा हुनर कोणी शिकून घेतला नाही, तर तो त्यांच्याबरोबरच संपेल. म्हणून या लेखात आम्ही त्याची रीत देत आहोत.

1) आमसूल : पिकलेली, न फुटलेली फळे धुऊन कापावीत. साली उन्हात घालाव्यात. गर व बिया चिनी मातीच्या बरणीत ठेवून, सुटलेल्या रसात त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के मीठ घालावे. तांबे, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. आंबट रसाने धातू उतरतो. वाळलेल्या साली या रसात भिजवून पुन्हा वाळवाव्यात. यालाच पूट देणे म्हणतात. तीन-चार पुटे तरी हवीत. जुनी माणसे सात देत. पुटे वाढली की रंग काळसर व चव दाट होते.

2) आगळ : गराचा खारवलेला रस गाळून बाटलीत भरला की आगळ तयार. सोलकढीला वर्षभर पुरते.

3) कोकमतेल : बिया धुऊन, वाळवून ठेवाव्यात. पावसात काम कमी असते, तेव्हा त्या फोडून आतला गर कुटावा व पाण्यात उकळावा. वर तरंगणारे तेल थंड झाल्यावर घट्ट होते. भेगाळलेल्या टाचांना ते गुणकारी आहेच, शिवाय सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातही त्याला मागणी आहे.

साल, रस आणि बी या तिन्हींचा पैसा होतो. नुसते फळ विकणारा बाकीची कमाई दुसऱ्याला देऊन टाकतो.

नवीन लागवड करणाऱ्यांनी बी लावू नये. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढविलेल्यांपैकी सुमारे निम्मी नर निघतात व ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. त्यासाठी मादी झाडाचे कलम घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली. तिचे फळ पावसाआधी हाती येते, हा मोठा फायदा. कारण पाऊस लवकर आला तर फळही जाते आणि वाळवणही.

आता व्यापाराची बाजू. पहिल्या वर्षी 20-25 किलो फळांवरच हात बसवावा. ओले फळ किती, सुके आमसूल किती, मीठ व मजुरी किती, हे वहीत लिहावे. घरच्या स्त्रियांची मेहनत फुकट धरू नये. ती हिशेबात धरून त्यांच्या हाती द्यावी. विक्रीसाठी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्यावी. हंगामात सगळ्यांचा माल एकदम येऊन भाव पडतो. नीट वाळलेले आमसूल वर्षभर टिकते, तेव्हा घाई नको आणि व्याजाचे कर्जही नको.

वजन वाढावे म्हणून ओलसर माल भरणे किंवा मीठ जास्त मारणे, हा मापातला खोटेपणा आहे. त्याबद्दल आपल्या दीनची ताकीद किती कडक आहे, हे वाचकांस सांगणे नको. शिवाय ओला माल बुरशी धरतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

आखातातून परतलेले आमचे कित्येक तरुण धंदा शोधत असतात. त्यांनी येत्या मे महिन्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसून एक हंगाम हात चालवावा. साल किती वाळली की पूट द्यायचे, हे कागदावर वाचून कळत नाही. ते बोटांना कळावे लागते, आणि शिकविणारी माणसे अजून घरात आहेत.