नाणं घासायचं नसतं, पोरी

तुझ्याकडे आजोबांच्या शिवराया, शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी, आल्यात म्हणे. मग आधी स्वयंपाकघरातली चिंच, लिंबू आणि पितांबरी नजरेआड ठेव. देवाची तांब्याची भांडी लखलखीत ठेवायची आपल्याकडे सवय, त्यापायी देव्हाऱ्यातल्या कितीतरी शिवरायांची अक्षरं उडालीत. चिंचेचं आम्ल मळाबरोबर वरचं तांबंही खातं. मग उरतो तो गुलाबीसर उघडा पत्रा. ‘श्री राजा शिव’ला आणि मागच्या ‘छत्रपति’ला उठाव देणारा काळपट-हिरवा थर, म्हणजे पॅटिना, एकदा गेला की कुठल्याही रसायनाने जसाच्या तसा परत येत नाही. असं चकचकीत नाणं जाणकार बाजूला सारतात, आणि बरोबरच करतात.

माती फारच असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव, पाणी रोज बदल. नळाच्या पाण्यात क्षार आणि क्लोरीन असतं, ते नको. माती मऊ झाली की भिंगाखाली बाभळीच्या ओल्या काट्याने अक्षरांच्या कडेकडेने हलकेच उचल. टाचणी, ब्लेड, दात घासायचा ब्रश यांतलं काही जवळसुद्धा आणू नकोस. काटा अडला की थांबायचं. थोडी माती राहिली तर राहू दे.

हिरवं सगळंच वाईट नसतं. नखाने न निघणारा गडद, घट्ट हिरवा थर म्हणजे नाण्याचं कवच. पण पिस्त्याच्या रंगाचे भुरभुरीत ठिपके दिसले, नाणं पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवल्यावर हिरवी पूड पडली, तर तो रोग आहे. आत अडकलेले क्लोराइड दमट हवेत जागे होतात आणि धातू पोखरत जातात. कोकणातल्या पावसाळ्यात तर पाहायलाच नको. असं नाणं लगेच वेगळं काढ, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेव आणि संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखव. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचा उपाय आहे, पण तो आठवडेच्या आठवडे चालतो आणि पॅटिनाचा रंगही बदलू शकतो. घरी करून पाहायचा तो प्रकार नाही.

चांदीचा काळेपणा तर मुळीच काढू नकोस. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. त्या ठशातल्या तीन कमानींच्या चैत्याखालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षराचा तुकडा डोकावतो, तो खोलगट जागेत बसलेल्या काळ्या थरामुळेच वाचता येतो. अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची करामत मोबाइलवर कितीही छान दिसो, ती हा थरच काढून टाकते.

सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्यात ठेवायची नाहीत. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडतं आणि त्याचा भुगा होतो. शिसं डिस्टिल्ड पाण्यातही भिजवायचं नाही, ते पाणीही शिसं खातं.

मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी तांब्यावर हिरवा चिकटा येतो. तो शुद्ध अॅसिटोनने निघतो, पण खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बाकीचं काहीबाही असतं. नंतर पॉलिएस्टरची पाकिटं घे. नाणं धरायचं ते कडेने. बोटांचा घाम ठसा उमटवतो.

आणि एक. कुणाच्या शेतात नांगराला हंडा लागला, तर धुणं-पुसणं तर सोडच, नाणी वाटूनही घ्यायची नाहीत. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. नाणी मातीसकट, सापडली त्याच भांड्यात राहू द्या आणि तसं कळवा.