यहुदी सण आणि आपली श्रद्धा



गेल्या आठवड्यात कुटुंबभेटीला गेलो असता एका मावशींनी मला विचारले, "फादर, दसरा झाला की आमची टोळी कारखान्यावर निघणार. नाताळ तिकडेच, राखेचा बुधवारही तिकडेच. कोपीत ना चर्च, ना फादर. मग आमचा सण तो कसला?" मावशींना मी धीराचे दोन शब्द सांगितले, पण त्यांचे मलाच समाधान वाटले नाही. घरी येऊन पवित्र शास्त्र उघडले. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात देवाने इस्राएलला नेमून दिलेले सण आहेत. तो अध्याय आपण बहुधा 'जुने नियम' म्हणून सोडून देतो. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले. आजच्या पाठात आपण त्याचाच अभ्यास करू या.

देवाने नेमलेले सण

या अध्यायात सर्वांत आधी येतो तो शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. त्यानंतर वर्षाचे सण येतात. त्यांपैकी तीन सणांना इस्राएलच्या पुरुषांनी देवाने निवडलेल्या ठिकाणी जायचे होते (अनुवाद १६:१६). वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण हे ते तीन सण. आपण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातो, तसे ते लोक कुटुंबकबिल्यासह यरुशलेमेला जात. स्तोत्र १२० ते १३४ ही त्या यात्रेकरूंची गीते होत. येशू बारा वर्षांचा असताना मरिया व योसेफ यांच्याबरोबर वल्हांडणासाठी गेला होता (लूक २:४१-४२). म्हणजे हे सण आपल्या प्रभूने स्वतः पाळलेले सण आहेत.

यहुदी महिने आपल्या मराठी महिन्यांसारखेच चंद्रावर चालतात. वल्हांडण फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येते, मंडपांचा सण भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते असे मुले विचारतात. त्याचे कारण हेच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा आपला पुनरुत्थान रविवार. वल्हांडणाशी असलेले आपले नाते अजून आपल्या कॅलेंडरात आहे.

१. वल्हांडण

मिसर देशातून सुटका झाली त्या रात्री इस्राएल लोकांनी कोकरू मारले, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि कडू भाजी व बेखमीर भाकर घाईघाईने खाल्ली (निर्गम १२). पीठ फुगू द्यायला वेळ नव्हता. पहाटे तीनला उठून चुलीवर भाकरी थापणाऱ्या आणि अंधारातच फडात जाणाऱ्या आपल्या भगिनींना ही घाई समजावून सांगावी लागत नाही.

या सणाची एक आज्ञा मला फार महत्त्वाची वाटते. तुमची मुले 'हा विधी कशासाठी?' असे विचारतील, तेव्हा त्यांना सांगा, असे देव म्हणतो (निर्गम १२:२६-२७). मूल विचारते आणि बाप सांगतो. आजही यहुदी घरात वल्हांडणाच्या रात्री सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते. आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो आहोत असे प्रत्येक पिढीने मानायचे असते. पवित्र शास्त्रातील 'स्मरण' या शब्दाचा हा अर्थ आहे. देवाने तेव्हा केलेले तारणकार्य आज आपल्यासमोर जिवंत होते.

शेवटच्या भोजनाच्या वेळी 'माझ्या स्मरणासाठी हे करा' असे प्रभूने सांगितले ते याच अर्थाने. म्हणून मिस्सा ही केवळ जुन्या घटनेची आठवण नाही, ख्रिस्ताचे बलिदान तेथे आपल्यासमोर उपस्थित होते, असे आपले धर्मशिक्षण सांगते (क्र. १३६३). वेदीवरील भाकरही बेखमीर असते. त्या अर्पणाच्या वेळी धर्मगुरू जी स्तुतीची प्रार्थना म्हणतो, ती यहुदी लोकांच्या भोजनप्रार्थनेच्या धर्तीवरच आहे. ख्रिस्त हाच आपला वल्हांडणाचा यज्ञपशू आहे, म्हणून वाईटपणाचे जुने खमीर काढून टाका, असे संत पौल सांगतात (१ करिंथ ५:७-८).

२. सप्ताहांचा सण

वल्हांडणापासून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या हंगामाचा हा सण येई. नव्या पिठाच्या दोन भाकरी देवाला अर्पण करीत. पुढे यहुदी परंपरेत सीनाय पर्वतावर मिळालेल्या नियमशास्त्राची आठवणही या सणाशी जोडली गेली. याच दिवशी, पेंटेकॉस्टला, प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला (प्रे. कृत्ये २). दगडी पाट्यांवर लिहिलेला नियम आता अंतःकरणात लिहिला गेला.

या सणाच्या नियमांना लागूनच देव आणखी एक आज्ञा देतो. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा वेचू नका. तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या (लेवीय २३:२२). यहुदी लोक या सणाला रूथचे पुस्तक वाचतात. रूथ ही परक्या देशातून आलेली, सरवा वेचणारी विधवा. तिच्याच वंशात दावीद राजा आणि पुढे आपला प्रभू जन्मला. अनुवाद १६:११ मध्ये तर सणाला कोणाकोणाला बरोबर घ्यायचे तेही सांगितले आहे: दास, दासी, परका, अनाथ, विधवा. त्यांना वगळून केलेला सण देवाला मान्य नाही.

३. मंडपांचा सण

सुगी घरात आली की सात दिवस सर्वांनी पक्के घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहायचे. देवाने याचे कारणही दिले आहे. मिसरातून बाहेर काढले तेव्हा मी तुमच्या पूर्वजांना मांडवांत राहायला लावले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे (लेवीय २३:४२-४३).

हे वाचताना मला आपली कोपी दिसते: बांबू, पाचट आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इस्राएलचा मांडव सात दिवसांचा होता; आपल्या माणसांची कोपी पाच-सहा महिन्यांची असते, आणि ती उचलीपायी असते. कोपीतले दारिद्र्य देवाला आवडते असा अर्थ कोणी काढू नये. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असे हेच नियमशास्त्र बजावते (अनुवाद २४:१४-१५). मांडवाचा सण पक्क्या घरात राहणाऱ्यांना आठवण करून देतो की तुम्हीही एके काळी उघड्यावर होता. आणि उघड्यावर असलेल्यांना तो सांगतो की देव तुमच्याबरोबर चालत आहे.

याच सणात शिलोह तळ्याचे पाणी मंदिरात आणून वेदीजवळ ओतीत. त्या सणाच्या शेवटच्या दिवशी येशूने उभे राहून तहानलेल्यांना स्वतःकडे बोलावले (योहान ७:३७-३९). 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असे आपण म्हणतो, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तंबू ठोकून राहिला' असा आहे (योहान १:१४). आपल्या बोलीत सांगायचे तर देवाच्या पुत्राने आपल्या शेजारी कोपी घातली.

आपल्याच महाराष्ट्रातील एक साक्ष

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जाळले. यात्रा बंद झाली, यज्ञ बंद झाले, पण सण टिकले. ते घरात टिकले.

याचे उदाहरण पाहायला परदेशात जायला नको. आपल्या कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचा मराठी बोलणारा यहुदी समाज शतकानुशतके राहिला. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. त्यांच्याजवळ शास्त्र नव्हते, याजक नव्हता, मंदिर नव्हते. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे अगदी आपल्यासारखी वाटतात.

हिब्रू भाषा ते विसरले, पण 'हे इस्राएल, ऐक' ही प्रार्थना राहिली, सुंता राहिली, शब्बाथ राहिला आणि काही सण राहिले. सणांची हिब्रू नावे गेली आणि मराठी नावे आली. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे बंद करून उपवास करीत. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवीत, आणि त्या झाकण्यावरूनच सणाला नाव पडले होते. खमिराची आज्ञा कोणत्या पुस्तकात आहे हे माहीत नसताना एक आई आपल्या लेकीला सांगत राहिली की या दिवसांत हे मडके उघडायचे नाही.

पुढे दिवस बदलले. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे पुस्तक १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह छापले गेले. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. काही आजही मुंबई, ठाणे, पुणे व रायगडमध्ये आहेत.

हे सण आजही त्यांचे आहेत. आपण त्यांची नक्कल करायची नाही आणि त्यांना तुच्छही लेखायचे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये यहुदी लोकांविषयी आदर ठेवण्यास आपल्याला शिकवले. आपण जंगली जैतुनाची डहाळी आहोत, मुळाने आपल्याला धरले आहे, असे संत पौल रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहितात (रोम ११:१७-१८). त्या मुळाचा रस म्हणजे देवाची कृत्ये मुलांना सांगत राहणे.

आपण काय करावे?

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. मिस्सेची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. म्हणून कारखान्यावर पोचल्यावर जवळचे चर्च कोठे आहे ते विचारा, आणि शक्य त्या रविवारी जा. पण जाणे खरोखर अशक्य असेल तर पापाचे ओझे मनावर घेऊ नका. अशा वेळी कुटुंबाने किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी, असे ख्रिस्तसभा सांगते (धर्मशिक्षण, क्र. २१८३).

कोपीत रविवारी संध्याकाळी दिवा लावा. शुभवर्तमानातील थोडा भाग वाचा. वाचता येत नसेल तर आठवते ती गोष्ट सांगा. 'हे आमच्या बापा' म्हणा. नाताळच्या रात्री लहान मुलाला विचारू द्या, "आज काय आहे?" आणि आईने किंवा बापाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. मूल विचारायला विसरले तर तुम्हीच त्याला विचारा. ही सवय चार-पाच वर्षे मोडली, तर मुलाला सण म्हणजे फक्त नवे कपडे एवढेच कळेल.

आणि जे आपण गावात राहणार आहोत, त्यांच्यावर सरव्याची आज्ञा आहे. टोळ्या गेल्यावर कित्येक घरांत फक्त म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले उरतात. नाताळला त्यांच्यापैकी कोणीही एकटे जेवणार नाही, ही जबाबदारी सर्व धर्मग्रामाची आहे. आपल्या शेजारी अशी किती घरे आहेत ते पुढच्या रविवारी मला सांगा. टोळ्या निघण्यापूर्वीच्या मिस्सेत जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपण आशीर्वाद देऊन पाठवू या.

घरी चर्चा करण्यासाठी

१. माझ्या आईवडिलांनी मला येशूविषयी सांगितलेली पहिली गोष्ट कोणती?

२. माझ्या मुलांना ती मी सांगितली आहे का?

३. या नाताळला आपल्या ताटाजवळ कोणाला बोलवायचे?

प्रार्थना: हे पित्या, रानातून चालणाऱ्या तुझ्या लोकांबरोबर तू मांडवात राहिलास. आमच्या ऊसतोड करणाऱ्या बंधू-भगिनींबरोबर राहा. त्यांच्या हातापायांचे रक्षण कर, त्यांना घामाचे दाम मिळू दे, त्यांची मुले तुझे नाव विसरू नयेत असे कर. आम्ही ही प्रार्थना आमचा वल्हांडणाचा कोकरा, प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे करतो. आमेन.

तुमचा,
धर्मगुरू