खणण्याआधी चिखलाचा मोसम बघा

बटाटे, गाजरं, बीट, कोबी हिवाळाभर टिकावेत म्हणून जमिनीत बांधलेली थंड, दमट खोली म्हणजे रूट सेलर. उत्तर व्हरमाँटमधल्या जुन्या शेतघरांना अशी तळघरं असायचीच. ती कशी बांधावीत यावर माहितीही भरपूर मिळते, पण ती सगळी नांदत्या घरांसाठी लिहिलेली असते. रोज कुणीतरी खाली उतरणार, हवेची झडप उघडणार-मिटणार, ओल दिसली की पुसणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. महिना महिना कुलूप असणाऱ्या केबिनला हे लागू होत नाही. तिथलं तळघर माणसाशिवाय आणि विजेशिवाय चाललं पाहिजे. अमेरिकेत किंवा कॅनडात केबिन घेतलेली आपली बरीच मंडळी आता भाजीपाला लावू लागली आहेत आणि तळघराविषयी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची केबिन व्हरमाँटच्या ईशान्य कोपऱ्यात, विलोबी तळ्यापासून थोड्या अंतरावर आहे. तिथे वीज नाही. हिवाळ्यात आत चूल पेटते ती आम्ही गेलो तरच. पहिलं तळघर केबिनच्या मागच्या भिंतीला लागून सप्टेंबरात खणलं. खोदाई करणाऱ्याने खड्ड्यातली माती हातात घेऊन चुरली आणि जागा कोरडी आहे असा निर्वाळा दिला. सप्टेंबरपुरता तो खराही होता. काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती उभ्या राहिल्या, फळ्या लागल्या, वाळूच्या खोक्यांत गाजरं गेली.

एप्रिलमध्ये दार उघडलं तेव्हा पाणी खालून तिसऱ्या पायरीपर्यंत होतं. बटाट्याचे क्रेट तरंगत भिंतीला लागले होते आणि कुजक्या कोबीच्या वासाने आत उभं राहवत नव्हतं. चढाकडच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी भेग होती. भेगेत नख सहज जात होतं आणि तिच्या वरचे ब्लॉक आत झुकले होते. उभ्या किंवा पायरीसारख्या तिरक्या भेगा बहुधा पाया खचल्याच्या असतात. अशी आडवी भेग मात्र बाहेरची ओली, गोठणारी माती भिंत आत ढकलते आहे हे सांगते. तिच्यावर सिमेंट लिंपून भागत नाही. ती भिंत आम्हाला पाडावी लागली.

हे पाणी आलं कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. इथली बरीचशी जमीन हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीची आहे. वरचे दोन-तीन फूट ती मोकळी असते. त्याखाली बर्फाच्या वजनाने दाबला गेलेला कठीण थर लागतो, त्याला इथले लोक हार्डपॅन म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं तेव्हा पाणी या थरातून खाली मुरत नाही. ते त्याच्या माथ्यावरून उताराने वाहत राहतं. आपण तो थर फोडून खड्डा केला की वाटेतलं पाणी त्यात उतरतं. सप्टेंबरात याचा मागमूस नसतो.

निदान वरवर तरी नसतो. मातीत मात्र खूण राहते. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमच्याच खड्ड्याच्या कडेला बोट लावून ती दाखवली. वरची माती एकसारखी तपकिरी होती. अडीच फुटांखाली तिच्यात राखाडी डाग आणि त्यांच्या कडेने गंजासारखे नारिंगी ठिपके होते. वर्षातले काही आठवडे जिथे पाणी साचून राहतं, तिथे हवेअभावी मातीतलं लोह विरघळून सरकतं आणि पाणी ओसरलं की दुसरीकडे गंजतं. सेप्टिक टाकीची जागा ठरवणारे लोक हेच डाग बघून पाण्याची पातळी ठरवतात. म्हणून तळघर जेवढं खोल न्यायचं असेल त्याहून फूटभर खोल एक चाचणीचा खड्डा आधी घ्या. डाग जिथे सुरू होतात, वसंतात पाणी तिथवर चढणार हे धरून चाला. शक्य असेल तर एक मड सीझन, म्हणजे मार्चअखेर ते मे हा चिखलाचा मोसम, त्या खड्ड्याकडे नुसतं बघत काढा. वर्ष गेलं तरी जाऊ द्या. आल्डरची झुडपं किंवा लव्हाळी आपणहून वाढलेली जागा तर खड्डाही न घेता सोडून द्या.

पाणी उपसायला पंप बसवा, असं पुष्कळ जण सुचवतील. वीज नसलेल्या, कुलूपबंद जागी पंपाचा काय उपयोग? पाणी आपल्या वजनानेच बाहेर गेलं पाहिजे. पायाभोवती खडीत चार इंची छिद्रांचा पाइप, त्यावर माती अडवणारं कापड, आणि उताराच्या खालच्या अंगाला उघड्यावर निघणारं तोंड. त्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर उंदीर तिथूनच वर चढतात. असं तोंड काढायला उतार नसेल तर खणूच नका. जमिनीवर खोली बांधून तिच्यावर तीन बाजूंनी माती चढवा. आमचं दुसरं तळघर असंच, अर्धं उतारात आणि अर्धं भरावात आहे. ते केबिनपासून चाळीस पावलांवर आहे. केबिन खांबांवर उभी असेल तर त्या पायांच्या शेजारी त्यांच्याहून खोल खणणं म्हणजे त्यांच्याखालची माती काढून घेणं होय. बर्फातून चाळीस पावलं चालणं परवडतं.

माझं माहेर सांगलीचं. हरिपूरची हळदीची पेवं लहानपणी पाहिलेली असल्यामुळे, जमिनीखाली साठवण म्हणजे तोंड घट्ट बंद करणं, हे डोक्यात पक्कं होतं. पेवात ते बरोबरच आहे. हळद वाळलेली असते आणि कोंडलेल्या हवेत प्राणवायू संपला की कीडही जगत नाही. त्यामुळेच पेव उघडल्यावर आत आधी हवा खेळू देतात, मग माणूस उतरतो. बटाटा आणि गाजर मात्र काढल्यावरही श्वास घेत राहतात. त्यांना कोंडलं की भिंती घामेजतात आणि सड लागते. पाण्यापुढे मात्र पेव काय आणि तळघर काय, कुणाचंच काही चालत नाही. 2005 च्या कृष्णेच्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं निकामी झाली.

तेव्हा हवेच्या वाटा दोन हव्यात. थंड हवा आत घेणारा पाइप जमिनीलगत उघडतो आणि बाहेर सोडणारा समोरच्या कोपऱ्यात छतालगत असतो. दोन्हींना पाव इंची जाळी लावा. उत्तर व्हरमाँटमध्ये खोलवरची जमीन वर्षभर सुमारे 7 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गाजर-कोबीला 0 ते 2 अंश हवेत, बटाट्याला 4. म्हणजे नुसतं खोल खणून भागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्रींची थंडी या पाइपांतून आत घ्यावी लागते. कडाक्याच्या थंडीत तेच पाइप मिटायला हवेत, आणि तेव्हा आपण तिथे नसतो. आम्ही नोव्हेंबरअखेरीच्या फेरीत दोन्ही झडपा बोटभर फट ठेवून मिटतो आणि आत पाण्याने अर्धी-पाऊण भरलेली पिंपं ठेवतो. शंभर लिटर पाणी पूर्ण गोठताना सुमारे नऊ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर टाकतं. खोली शून्याखाली घसरू लागली की आधी पिंपावर बर्फाची साय धरते आणि बटाटे तगतात. जुने शेतकरी यासाठी लाकडी टब ठेवत.

बाकीचं थोडक्यात, पण यातलं काहीही टाळू नका. अमेरिकेत असाल तर खणण्याआधी 811 ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्या तपासून घ्या. पाच फुटांहून खोल खड्ड्यात कडा तिरक्या कापल्याशिवाय किंवा आधार दिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. घनमीटरभर ओली माती पावणेदोन-दोन टन भरते आणि ढासळताना ओरडायलाही वेळ देत नाही. छतावर दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला टनाहून जास्त भार, त्यावर बर्फ वेगळं. छताचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्या. त्या पैशांत काटकसर करू नका.

भरताना सफरचंदं बटाट्यांपासून लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने बटाट्यांना लवकर कोंब फुटतात. कांदा, लसूण आणि भोपळा या ओलीत ठेवूच नका. कांद्या-लसणाला थंड पण कोरडी जागा लागते आणि भोपळ्याला 10 ते 13 अंशांची ऊब, म्हणून ते आम्ही शहरातल्या घरी आणतो. दर फेरीला आधी दार उघडं टाकून पंधरा मिनिटं थांबायचं, मग आत जाऊन एकेक क्रेट वरखाली करायचा. मऊ लागलेला बटाटा त्याच दिवशी बाहेर काढायचा.